गावसकरचा हट्ट : एका चाहत्याचा अभ्यास

आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात सुनील गावसकरची एक गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. १० जुलै १९४९ रोजी मुंबईत तो जन्मला, तेव्हा त्याच्या काकांनी बाळाच्या डाव्या कानाजवळ एक बारीकसे छिद्र पाहिले होते. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले, बाळाला उचलून घेतले, आणि पाहतात तो छिद्र नाही! एकच शोधाशोध झाली, तेव्हा खरे बाळ एका कोळणीच्या शेजारी निवांत झोपलेले सापडले. ही दंतकथा नव्हे. गावसकरने स्वतःच ‘सनी डेज’ (१९७६) या आत्मचरित्रात ती सांगितली आहे. काकांची नजर चुकली असती तर आपण कुठेतरी मासेमारी करीत असतो, असेही त्याने गमतीने लिहिले आहे. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना दरवेळी हळहळतात. “आपला गावसकर काकांनी परत नेला,” असे त्यांचे म्हणणे!

आजोबा गावसकरच्याच वयाचे. त्यांनी त्याचा खेळ ट्रान्झिस्टरवर ऐकला, वर्तमानपत्रात वाचला आणि एकदोनदा वानखेडेवर जाऊन पाहिला. मी मात्र त्याला खेळताना कधीच पाहिलेले नाही. माझ्या पिढीला तो समालोचक म्हणून ठाऊक. तरीही मी त्याचा चाहता आहे, आणि हे चाहतेपण मला आजोबांकडून वारशाने मिळाले आहे. परंतु वारशाने मिळालेली वस्तू एकदा तपासून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कौतुकाची बाजू पाहू. १९७१ साली वेस्ट इंडीजच्या पहिल्याच दौऱ्यात २१ वर्षांच्या या मुलाने चार कसोटींत ७७४ धावा केल्या. सरासरी १५४.८०. शेवटच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत १२४ आणि २२०. भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध मालिका जिंकली ती तेव्हा प्रथमच. १९७९ साली ओव्हलवर ४३८ धावांचा पाठलाग करताना त्याने २२१ धावा काढल्या. भारत ८ बाद ४२९ वर थांबला आणि सामना अनिर्णित राहिला. ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादला कसोटीत दहा हजार धावा पूर्ण करणारा तो जगातला पहिला फलंदाज ठरला. १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतके. त्यांतील १३ शतके एकट्या वेस्ट इंडीजविरुद्ध!

पण अभ्यासकाने आकड्यांच्या पाठीमागेही पाहिले पाहिजे. १९७१ च्या वेस्ट इंडीज संघात पुढे गाजलेली वेगवान चौकडी नव्हती. १९७८-७९ मध्ये भारतात आलेल्या संघात पॅकरकडे गेलेले मोठे खेळाडू नव्हते. तेव्हा १३ या आकड्यापुढे हात जोडण्याआधी थोडी वजावट केली पाहिजे. खरी परीक्षा झाली ती १९८३ साली. कानपूरच्या कसोटीत माल्कम मार्शलने त्याला ० आणि ७ वर बाद केले. एका चेंडूने तर त्याच्या हातातली बॅट उडाली. गावसकर संपला, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. त्यानंतर लगेचच्या दिल्ली कसोटीत त्याने हुक मारीत ९४ चेंडूंत शतक ठोकले आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली. त्या मालिकेतील त्याच्या धावा अशा : ०, ७, १२१, १५, ९०, १, १२, ३, ०, २० आणि मद्रासला नाबाद २३६. मला ७७४ पेक्षा हे ५०५ अधिक मोलाचे वाटतात, कारण त्यांत अपयश आणि त्याला दिलेले उत्तर शेजारीशेजारी बसलेले आहेत.

हे उत्तर आले कोठून? माझ्या मते मुंबई क्रिकेटच्या संस्कारातून. पावसाळ्यात, उघड्या ओल्या खेळपट्टीवर खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये चेंडू काय करील याचा नेम नसतो. तेथे विकेट टिकवणे हीच कमाई. आपली वस्तू फुकट न देणाऱ्या या वृत्तीला मुंबईच्या मैदानांवर ‘खडूस’ म्हणतात, आणि ती शिवी नसून पदवी आहे. गावसकरचे मामा माधव मंत्री हे कसोटीपटू. लहानपणी मामांच्या कपाटातील भारतीय संघाचा पोशाख त्याने मागितला, तेव्हा मामांनी तो दिला नाही. हा मिळवावा लागतो, असे सांगितले. जे मिळवावे लागते ते सोडायचे नाही, हा हट्ट तेथून आला असावा.

आता त्याच हट्टाची दुसरी बाजू. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या. गावसकर सलामीला आला आणि ६० षटके संपली तेव्हा नाबाद होता. धावा ३६, चेंडू १७४, चौकार एक. भारत ३ बाद १३२. या डावाची पुष्कळ समर्थने मी वाचली आहेत, पण एकही पटत नाही. गावसकरनेही पुढे ही आपली सर्वात वाईट खेळी असल्याचे मान्य केले. विकेट न देणे हे साधन आहे. त्या दिवशी ते साध्य होऊन बसले. बारा वर्षांनी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध त्यानेच ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, तेव्हा प्रश्न हात चालण्याचा नव्हता, मन चालण्याचा होता.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी १९८१ चा, मेलबर्नचा. गावसकर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली होती. लिलीच्या चेंडूवर ७० धावांवर गावसकरला पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागला होता, असे त्याचे म्हणणे. संतापाच्या भरात त्याने चौहानलाही आपल्याबरोबर मैदानाबाहेर चालवले. सीमारेषेपाशी व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी आडवे आले, त्यांनी चौहानला परत पाठवले, म्हणून सामना वाचला. पुढे १४३ धावांचे लक्ष्य असताना ऑस्ट्रेलिया ८३ वर कोसळली आणि दुखापतग्रस्त कपिलदेवने २८ धावांत ५ बळी घेतले. भारत जिंकला. त्या दिवशी चौहान सीमारेषा ओलांडता तर हा विजय इतिहासात नसता.

येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. बारावीच्या सुट्टीत, ओहोटीच्या वेळी, आमच्या किनाऱ्यावर दोन गल्ल्यांचा सामना होता. मला यष्टीमागे झेलबाद दिले. चेंडू शर्टाला चाटून गेला होता, बॅटला नव्हे; आजही मी हेच सांगेन. पण मी नुसता भांडलो नाही. बॅट आमची होती, ती काखेत मारली आणि समोर खेळत असलेल्या चुलतभावाला हाताला धरून घेऊन निघालो. डोक्यात मेलबर्नच होते. आपण गावसकरसारखे वागलो, याचा अभिमानच वाटत होता. वाद मिटेपर्यंत भरतीचे पाणी खेळपट्टीवर आले आणि सामना तेथेच संपला.

आजोबा ओट्यावर जाळे सांधत बसले होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “पोरा, तिथं दुराणी उभा होता. तुझ्या वाटेत कोण होतं?” थोड्या वेळाने मान वर न करता पुन्हा म्हणाले, “आणि चौहानचं काय?”

तो दुसरा प्रश्न मला लागला. मी मेलबर्नची हकीकत इतक्या वेळा वाचली होती, पण चौहानचा विचार कधी केला नव्हता. त्या दिवशी तो उत्तम खेळत होता. परतल्यावर लवकरच ८५ वर बाद झाला. चेतन चौहान ४० कसोटी खेळला आणि त्याच्या नावावर एकही शतक नाही. पंचांनी अन्याय केला असेल तर तो गावसकरवर. पण गावसकरने ओढून नेला तो चौहानला. माझा चुलतभावही त्या दिवशी चांगला जमला होता. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचे बरोबर होते. गावसकरने त्या प्रसंगाबद्दल पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. चाहते मात्र अजून त्याची वकिली करीत असतात.

बाकीचे वाद थोडक्यात आटोपतो. १९८१-८२ च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या रघुराम भटला तो डावखुरा खेळला. काहींना ती चेष्टा वाटली. मला ती फिरत्या चेंडूवरची युक्ती वाटते. कलकत्त्याच्या प्रेक्षकांशी बिनसल्यावर १९८७ साली तेथील पाकिस्तानविरुद्धची कसोटी तो खेळलाच नाही. येथे मी प्रेक्षकांचे समर्थन करणार नाही, पण देशाची कसोटी रुसव्यापायी सोडावी, हेही मला पटत नाही. १९९० साली एम.सी.सी.चे मानद सदस्यत्व त्याने नाकारले, कारण लॉर्ड्सच्या दारावर त्याला अपमानास्पद वागणूक मिळाली होती. येथे मात्र मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा. खेळाडूंना योग्य मोबदला आणि मान मिळावा म्हणून तो मंडळाशी भांडला, त्याची फळे पुढच्या पिढ्यांनी चाखली.

म्हणजे हट्ट एकच. दिल्लीत मार्शलसमोर उभा राहिला तोही तोच, लॉर्ड्सवर ६० षटके चिकटून बसला तोही तोच, आणि मेलबर्नला मैदान सोडायला निघाला तोही तोच. यातला एक ठेवून दुसरा काढून टाकू म्हटले तर जमणार नाही. पण म्हणून साऱ्यांना एकाच मापाने मोजायचेही कारण नाही. माझी कसोटी साधी आहे : त्या हट्टाची किंमत कोणी मोजली? दिल्लीत ती त्याने स्वतः मोजली. मेलबर्नला चौहानने.

मार्च १९८७. बंगलोर, पाकिस्तानविरुद्ध, त्याचा शेवटचा कसोटी सामना. चेंडू हातभर वळत होता. २२१ धावांचे लक्ष्य, बाकीचे फलंदाज एकामागून एक परतत होते, आणि तो ९६ धावा करून गेला. भारत १६ धावांनी हरला. शतक नाही, विजय नाही. तरी माझ्या आजोबांच्या मते हीच त्याची सर्वात मोठी खेळी, आणि अभ्यासाअंती मीही त्याच मताला आलो आहे. येथे त्याने विकेट सांभाळली ती स्वतःसाठी नव्हे.

त्या सुट्टीनंतर आमच्या किनाऱ्यावर पुन्हा सामने झाले. मला एकदा पुन्हा चुकीचे बाद दिले. मी बॅट चुलतभावाच्या हाती दिली आणि वाळूत जाऊन बसलो. संताप आला नाही असे नाही. पण भरतीला अजून अवकाश होता आणि त्याचा डाव चालू होता.