भूमिगत खाणीतील आग : नोंद, दक्षता आणि गावाची सुरक्षितता

सोलापूर जिल्ह्याच्या भूमीत दगडी कोळसा नाही. काळ्या पाषाणाच्या या प्रदेशात कोळसा येतो तो रेल्वेने. एकेकाळी येथील वाफेवर चालणाऱ्या कापड गिरण्यांना तो लागत असे. आज दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी येथील १,३२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत केंद्राला तो लागतो. मात्र ज्या भूमीतून कोळसा निघतो, तेथील काही वस्त्यांच्या पायाखाली वर्षानुवर्षे आग धुमसत असते. ती कशी ओळखावी, तिच्यावर लक्ष कसे ठेवावे आणि लोकांचे रक्षण कसे करावे, याचा अभ्यास खाणी नसलेल्या जिल्ह्यालाही उपयोगी आहे.

आग लागते कशी?

पुरता न वाळलेला कडबा गंजीत रचला तर गंज आतून तापते, हे आपल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. उसाच्या चिपाडाच्या मोठ्या ढिगातही असेच घडते. तेथे उष्णता निर्माण करतात ते सूक्ष्म जीव. कोळशात ती निर्माण होते हवेतील प्राणवायूच्या संयोगाने. कारण वेगळे असले तरी नियम एकच : निर्माण झालेली उष्णता बाहेर पडू शकली नाही, की ती साठत जाते. भरपूर हवा खेळती असेल तर उष्णता वाहून जाते. हवा मुळीच नसेल तर क्रिया थांबते. धोका असतो तो फटींतून झिरपणाऱ्या थोड्याशा हवेचा. तापमान साधारण ७० ते ८० अंशांच्या पुढे गेले की ही क्रिया झपाट्याने वाढते आणि ठिणगी न पडताही कोळसा पेटतो.

जुन्या खाणींत छत तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब ठेवलेले असतात. कालांतराने ते चिरडतात, वरची जमीन भेगाळते आणि त्या भेगांतून हवा आत शिरते. खांब जळून राख झाले की वरच्या जमिनीचा आधारच जातो. म्हणून आग आणि जमीन खचणे या दोन संकटांचा विचार एकत्र करावा लागतो.

झरियाचा धडा

झारखंडमधील धनबाद जिल्ह्यातील झरिया कोळसाक्षेत्रात पहिल्या आगीची नोंद १९१६ साली झाली. जमिनीपासून फारसे खोल नसलेले जाड थर आणि कोळसा काढल्यावर पोकळ्या वाळूने न भरण्याची खासगी मालकांची पद्धत, यांमुळे आगी पसरत गेल्या. १९७१ ते १९७३ या काळात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा हा वारसाही शासनाकडे आला. २००९ साली झरिया क्षेत्रासाठी ७,११२ कोटी रुपयांची बृहत् योजना मंजूर झाली. उपग्रहाच्या साह्याने वेळोवेळी पाहणी करण्यात आली आणि झरियातील आगीच्या ठिकाणांची संख्या ७७ वरून २७ वर आली. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,९४० कोटी रुपयांच्या सुधारित योजनेस मान्यता दिली.

या सुधारित योजनेतील एक तरतूद विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. जमिनीची कायदेशीर मालकी असलेल्या व नसलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना उपजीविकेसाठी १ लाख रुपयांचे अनुदान आणि ३ लाखांपर्यंत कर्जाची सोय तीत आहे. नवे घर दिले तरी रोजगार मागेच राहिला, तर माणूस धोक्याच्या जागी परत जातो. पुनर्वसन म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, हे झरियाने शिकविले.

लक्ष कसे ठेवावे?

उपग्रहाला जमिनीचा पृष्ठभाग किती तापला एवढेच दिसते. खोलवरची आग त्याला दिसेलच असे नाही. म्हणून जमिनीत छिद्रे घेऊन त्यांतील तापमान आणि वायू नियमितपणे तपासावे लागतात. येथे ग्रॅहम गुणोत्तर उपयोगी पडते. हवेतील प्राणवायू जितका घटला, त्याच्या शेकडा किती प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड निर्माण झाला, हे त्यावरून कळते. हे प्रमाण शेकडा १ च्या वर गेले तर कोळसा तापू लागला असे समजतात. २ च्या वर स्थिती गंभीर, तर ३ च्या वर प्रत्यक्ष आग मानली जाते. नमुन्यात ताजी हवा मिसळली तरी हे गुणोत्तर फारसे बदलत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. तथापि एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. आकडा महिन्यामागून महिना चढतो आहे की उतरतो आहे, हे पाहणे महत्त्वाचे.

आग ओळखल्यावर उपाय ठरतात : भिंती बांधून हवा तोडणे, पोकळ्यांत वाळू भरणे, नत्रवायू सोडणे, भेगांवर मातीचा जाड थर देणे, चर खणून पेटलेला भाग वेगळा करणे, किंवा जळता कोळसा खणून काढणे. पाण्याचा वापर मात्र जाणकारांच्या सल्ल्यानेच व्हावा. तप्त कोळशावर पाणी पडल्यास ज्वालाग्राही वायू तयार होऊ शकतात.

गावाने काय पाहावे?

आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून प्राणहानी टळली. ती दुर्घटना आगीची नव्हती. पण पायाखालच्या पोकळीची माहिती वस्तीला असणे किती आवश्यक आहे, हे तिने दाखवून दिले.

खाणपट्ट्यातील ग्रामपंचायतींनी जुन्या खाणकामाचा नकाशा खाण व्यवस्थापनाकडून मागून घ्यावा आणि तो ग्रामसभेत समजावून द्यावा. नवी भेग, थंडीच्या पहाटे जमिनीतून निघणारी वाफ, एकाच ठिकाणी करपलेले गवत, कोमट लागणारी भुई, उग्र वास : यांची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पोहोचवावी. हवेचा दाब उतरतो तेव्हा भेगांतून वायू अधिक बाहेर पडतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. बंद खोलीत झोपलेल्या घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ वा गुंगी आल्यास सर्वांना उघड्यावर आणावे व तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कचरा पेटविण्याची सवय तर सर्वत्रच घातक आहे. अमेरिकेतील सेंट्रालिया या गावी १९६२ साली जुन्या खाणीच्या खड्ड्यातील कचरा पेटला, ती आग कोळशाच्या थरात शिरली आणि अखेरीस जवळजवळ सारे गाव उठवावे लागले. आपल्याकडे जमिनीखाली कोळसा नसला, तरी कचऱ्याचे जुने ढीग, चिपाडाच्या राशी आणि कडब्याच्या गंजी आतून अशाच धुमसू शकतात.

शाळेतील शिक्षकांना गंजीच्या उदाहरणावरून हा विषय सहज शिकविता येईल. गंजीत हात घालून पाहणारा शेतकरी आणि छिद्रातील तापमान मोजणारा खाण अधिकारी एकच काम करीत असतात. खाणीतील आकडे गावापर्यंत आणि गावातील निरीक्षणे खाणीपर्यंत वेळेवर पोहोचली, तर आग तत्काळ विझेलच असे नाही. पण तिच्यामुळे जाणारे जीव निश्चित वाचविता येतील.