अंथरूण निवडताना

रायपूर शहरात जूनच्या मध्याच्या सुमारास पावसाळा सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत हवा ओलसर राहते. याच दिवसांत अनेक घरांतून एक तक्रार ऐकू येते. दिवसभर बरा असलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकताच शिंकू लागतो. पहाटे नाक वाहते, डोळे खाजतात, काहींना धाप लागते. घरातील मंडळी 'हवा बदलली' म्हणून गप्प बसतात. पुष्कळदा हवा केवळ निमित्त असते. मूळ कारण उशीत दडलेले असते.

गादी-उशीच्या धुळीत माइट नावाचे सूक्ष्म जीव राहतात. ते कोळ्याच्या कुळातील असून त्यांची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाव भागाएवढी असते. ते चावत नाहीत. माणसाच्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचे अन्न. पाणी ते पीत नाहीत. हवेतील ओलावा शोषून घेतात. म्हणूनच पावसाळ्यात त्यांची संख्या वाढते आणि रायपूरच्या कोरड्या, रखरखीत मे महिन्यात घटते. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांमुळे. ते श्वासावाटे आत गेले की काही व्यक्तींचे शरीर त्यांना शत्रू समजून प्रतिकार करू लागते. यालाच अ‍ॅलर्जी म्हणतात. घरातील धूळ आणि माइट यांचा हा संबंध नेदरलँड्समधील लायडन येथे फॉरहॉर्स्ट आणि स्पीक्समा यांनी १९६०च्या दशकात उलगडला.

मात्र प्रत्येक शिंक माइटमुळेच येते असे नाही. परागकण, झुरळे, बुरशी, पाळीव प्राणी यांचीही अ‍ॅलर्जी असते. त्वचेवर सूक्ष्म टोचणी करून पंधरा-वीस मिनिटांत अ‍ॅलर्जीचे कारण पाहण्याची चाचणी डॉक्टर करतात. नवे अंथरूण घेण्याआधी ही चाचणी करणे शहाणपणाचे. नाहीतर पैसा उशीवर खर्च व्हायचा आणि दोष झुरळांचा असायचा!

बाजारात 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' असे छापलेल्या उशा मिळतात. हा शब्द सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतून रूढ झाला. 'हायपो' म्हणजे कमी; 'मुळीच नाही' असा त्याचा अर्थ नव्हे, आणि किती कमी हेही त्यातून कळत नाही. पिसांची उशी वाईट व कृत्रिम धाग्याची चांगली, असा समज फार दिवस होता. परंतु १९९६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे केलेल्या तुलनेत पॉलिएस्टरच्या उशांतच माइटचे द्रव्य अधिक आढळले. पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशांची खोळ घट्ट विणीची असते, हे त्याचे संभाव्य कारण. तेव्हा आत काय भरले आहे यापेक्षा बाहेरचे कापड कसे आहे, हे आधी पाहावे.

*थोडे थांबा : तुमच्या उशीचा अभ्रा शेवटचा कधी धुतला? आणि आतली उशी?*

तात्यापारा, बूढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांतील मराठी घरांत रुईची गादी, सावरीच्या कापसाची उशी आणि जुन्या लुगड्यांची गोधडी परिचयाची आहे. गोधडी पूर्ण धुता येते, हा तिचा मोठा गुण. रुईच्या जाड गादीला तो नाही. अशी गादी टाकून देण्याची मात्र गरज नाही. गादीला व उशीला सर्व बाजूंनी बंद होणारी, चेन असलेली, अतिशय घट्ट विणीची खोळ घालावी. केवळ वरून पसरलेली चादर हे काम करत नाही. गादी पिंजून घेताना खूप धूळ उडते. त्या वेळी रुग्णाने तेथे थांबू नये.

चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला किमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत. थंड पाण्याने धुतल्यास त्रासदायक द्रव्य बरेचसे निघून जाते, पण बहुतेक माइट जिवंत राहतात. यंत्र नसेल तर उकळत्या पाण्यात तेवढेच साधे पाणी मिसळावे. तापमान साधारण योग्य होते. हात भाजणार नाहीत आणि लहान मुले जवळ येणार नाहीत याची काळजी घ्यावी. गादीला कडक ऊन द्यावे. उन्हाने माइट मरतात, पण त्यांची विष्ठा तशीच उरते. म्हणून ऊन दिल्यावर गादी झटकावी, आणि तेही रुग्णाने नव्हे.

ठेवणीतल्या पांघरुणांत डांबराच्या गोळ्या घालण्याची पद्धत आहे. या गोळ्या बहुधा नॅप्थालीनच्या असतात. त्यांच्या वासाने दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. जी–६–पी–डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकाला अशा पांघरुणात गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून जिवाला धोका होतो. बाळाचे दुपटे या गोळ्यांपासून दूरच ठेवावे.

खोळीने दमा बरा होतो काय? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात हजाराहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांना केवळ खोळींचा उपयोग झाला नाही. उलट २०१७ साली मँचेस्टर येथील अभ्यासात माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या दमेकरी मुलांना तीव्र झटक्यामुळे रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रमाण खोळींमुळे घटले. म्हणून अंथरूण बदलले तरी डॉक्टरांनी दिलेला इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नये. बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

पाठगत प्रश्न
१. माइटची संख्या पावसाळ्यात का वाढते?
२. ऊन दिल्यानंतरही गादी झटकणे का आवश्यक आहे?
३. तुमच्या घरातील कोणते अंथरूण-पांघरूण पूर्ण धुता येते व कोणते येत नाही, ते लिहा.