पियानो, पेटी आणि प्रार्थना



सध्या मिस्सा संपली की आपल्यात एकच विषय निघतो: जुनी पेटी दुरुस्त करावी की नवा कीबोर्ड घ्यावा? तरुण मंडळी म्हणतात, कीबोर्डमध्ये पियानो आहे, ऑर्गन आहे, तबलासुद्धा आहे. वडीलधारी मंडळी म्हणतात, आमची सारी गीते या पेटीवरच पाठ झाली. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. निर्णय घेण्यापूर्वी वाद्य माणसाच्या जीवनात काय करते आणि ख्रिस्तसभेने त्याविषयी काय शिकवले आहे, हे पाहू या.

पवित्र शास्त्रात शौल राजाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. दुष्ट आत्मा त्याला छळू लागला की दावीद वीणा वाजवी आणि राजाला आराम पडे (१ शमुवेल १६:२३). संगीताने मन शांत होते हे सांगताना आपण नेहमी एवढेच वाचून थांबतो. दोन अध्याय पुढे गेलो तर तोच दावीद तेच वाद्य वाजवीत असताना शौलाने त्याच्यावर भाला फेकलेला दिसतो (१८:१०-११). म्हणजे सुरांनी राजाला विसावा दिला, पण मनातला मत्सर काढून टाकला नाही. अलीशा संदेष्ट्याने मात्र देवाचा शब्द ऐकण्यापूर्वी वादकाला बोलावून घेतले (२ राजे ३:१५). देवाचे ऐकण्यासाठी मन मोकळे करण्याचे काम संगीत करते. पुढचे काम आपले.

संत ऑगस्टीन यांनाही हाच प्रश्न पडला होता. मिलान शहरात इ. स. ३८७ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या दिवसांत तिथल्या भाविकांची स्तोत्रे ऐकून त्यांना अश्रू आवरत नसत. पण पुढे आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात ते लिहितात, की गाण्यातील शब्दांपेक्षा गाणाऱ्याचा गळाच आपल्याला अधिक भावला, तर ते आपल्याला पाप वाटते. एवढे असूनही मंदिरातील गायनाच्या प्रथेला त्यांनी मान्यताच दिली, कारण दुर्बळ मनाला त्याने आधार मिळतो.

आता पियानोविषयी. बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल, पण एकेकाळी चर्चमध्ये पियानो वाजवण्यास चक्क मनाई होती. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप संत पायस दहावे यांनी उपासना संगीतासंबंधी जो आदेश काढला, त्यात पियानोचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. त्याच वाक्यात ढोल, झांजा आणि घंटा यांसारखी वाद्येही आहेत. आपली ढोलकी आणि टाळ त्या नियमात कुठे बसले असते, ते वेगळे सांगायला नको! त्या काळी युरोपात पियानो म्हणजे श्रीमंतांचा दिवाणखाना किंवा नाटकगृह. शिवाय पियानोत छोटी हातोडी तारेवर आपटते आणि सूर उमटताच विरू लागतो. ऑर्गनमध्ये हवा भरलेली असते. पट्टी दाबून ठेवली तोवर सूर टिकतो आणि गाणाऱ्यांना त्यावर टेकता येते.

साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात दार उघडले. पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेला शोभेल आणि भाविकांना उपकारक ठरेल असे अन्य वाद्य स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येईल, असे ठरले (क्र. १२०). १९६७ च्या सूचनापत्रात आणखी एक गोष्ट आली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: वाद्याने आवाजाला आधार द्यावा, पण शब्द ऐकू येणार नाहीत इतके त्याला झाकू नये, आणि धर्मगुरू मोठ्याने प्रार्थना म्हणत असताना वाद्याने गप्प बसावे (क्र. ६४).

आपली पेटी या सगळ्यात कुठे बसते? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये घेतले. ते पायाने भाता मारायचे वाद्य मिशनऱ्यांबरोबर भारतात आले. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता ओढण्याजोगी पेटी बनवली. पेटीच्या पट्ट्या पियानोसारख्या, श्वास मात्र ऑर्गनचा. ऑर्गन परवडणे शक्य नव्हते अशा खेड्यापाड्यांच्या मिशन केंद्रांत तिने ऑर्गनचेच काम केले. तिलाही विरोध झाला. १९४० पासून अनेक वर्षे आकाशवाणीवर तिला बंदी होती, कारण तिच्यावर मींड घेता येत नाही. पण लोकांनी पेटी सोडली नाही.

वाद्य शिकल्याने माणसांचे जीवन कसे बदलते, याचे आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीज काळापासून तिथल्या धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना धर्मशिक्षणाबरोबर सुरांची लिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू एवढाच, की रविवारी मिस्सेला गाणारे मिळावेत. पण त्याच शिक्षणाच्या जोरावर शेकडो गरीब घरांतील मुले मुंबईला आली आणि हॉटेलांत, बँडमध्ये, चित्रपटांच्या वाद्यवृंदात पोटाला लागली. 'अंदाज' (१९४९) सारख्या चित्रपटांतून नायक पियानोवर बसलेला आपण पाहिला. पडद्यामागच्या वाद्यवृंदांत असे गोव्याचे कॅथलिक वादक मोठ्या संख्येने असत. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे वडील गावच्या चर्चमधील गायन सांभाळत. या अँथनींनी १९५८ मध्ये भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. 'अमर अकबर अँथनी'मधील (१९७७) त्या प्रसिद्ध गाण्यातले नाव म्हणजे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेला नमस्कार आहे.

तेव्हा पेटी की कीबोर्ड, या प्रश्नाच्या आधी माझ्या मते दुसरा प्रश्न येतो: वाजवणार कोण? दावीदाने मंदिरासाठी गायक-वादक नेमले, त्यांची संख्या २८८ होती आणि त्यांत गुरू व शिष्य एकत्र होते (१ इतिहास २५:७-८). आपल्याकडे एका वादकाला ताप आला की त्या रविवारी सारे चर्च मुके होते.

कीबोर्डला माझा विरोध नाही. एक बटण दाबून सूर खाली आणता येतो, हा त्याचा मोठा गुण. गायकवृंदातील मुली काळी चार किंवा पाचमध्ये गीत उचलतात, काळी एक-दोनमध्ये गाणारे पुरुष दुसऱ्या ओळीला गप्प होतात, हे आपण दर रविवारी ऐकतो. सर्वांना झेपेल असा मधला सूर आधी ठरवला पाहिजे, वाद्य कोणतेही असो. मात्र कीबोर्डमधला आयता ताल लावून ठेवू नये. तो आपल्यासाठी थांबत नाही, आणि आपण त्याच्यामागे धावत शब्द गिळतो. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडची वीज! धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते आणि नेमकी प्रवेशगीताच्या वेळी जाते.

प्रायश्चित्तकाळाचा नियमही लक्षात असावा. त्या काळात वाद्य केवळ गायनाच्या आधारासाठी वाजवायचे. नुसते वादन करायचे नाही. चौथा रविवार, सोहळे आणि सण यांना अपवाद आहे (मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचना, क्र. ३१३).

माझी सूचना अशी, की दिवाळीच्या सुट्टीपासून दर रविवारी मिस्सेनंतर पाऊण तास चार-पाच मुलामुलींना पेटी शिकवावी. एका सप्तकात पेटीला जे बारा सूर, तेच पियानोला. पट्ट्यांची मांडणीही तीच. पियानोला पट्ट्या ८८ आणि दोन्ही हात मोकळे, एवढा फरक. पेटीवर बसलेला उजवा हात उद्या कीबोर्डवर चालेल. तोवर पेटी जपू या. भंडारदऱ्याच्या पावसात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याची घडी उंदीर कुरतडतात. पेटी जमिनीवर ठेवू नये, फळीवर ठेवावी, आत डांबराची गोळी ठेवावी आणि श्रावणातही रोज पाच मिनिटे भाता हलवावा.