मागच्या दाराने दाखव

अगं, उद्यापासून इंदूरचा लालबाग, होळकरांचा वाडा, तुझ्या हाती. मामाची टकळी म्हण हवं तर, पण ऐकून जा.

पहिला आठवडा खुर्चीत बसू नकोस. माळ्याशी बोल, चौकीदाराला विचार कुठली खिडकी पावसात गळते. हे फायलीत सापडत नाही.

येणारा प्रत्येक जण फाटकाचं विचारणार. बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाची नक्कल, विलायतेत ओतून जहाजाने मुंबईला आणलेली. सांग, पण दोन वाक्यांत आटप. झुंबरं तर न सांगताही दिसतात. तू मुदपाकखान्याची गोष्ट काढ. स्वयंपाक खान नदीच्या पलीकडे व्हायचा आणि ताटं भुयारातून वाड्यात यायची. इथे रेंगाळ. शाळेची पोरं आली तर विचार, एवढं चालून येईपर्यंत वरण गार होत नसेल? वाढपी किती लागत असतील? मग बघ, मागच्या रांगेतलं पोरगंसुद्धा तोंड उघडतं. बांधकाम 1886 ते 1921 चाललं, या आकड्यांनी कुणाचं काही हलत नाही. आजोबांनी काढलेलं घर नातवाच्या कारकिर्दीत पुरं झालं, असं म्हण. घराचे हप्ते भरणारा बापही मान डोलावेल.

मोठ्यांना विचार, तुमच्याकडचं कुणी होळकर सरकारच्या चाकरीत होतं का? इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून हमखास कुणीतरी पुढे येतं. पणजोबा कारकून होते, आजीचे वडील पागेवर होते. लगेच वहीत उतरवून घे, गल्लीसकट. खरंखोटं नंतर ताडून बघ. त्याशिवाय पाटीवर चढवू नकोस.

आणि नदी लपवू नकोस. खानचा नाला झाला होता, हे शहराला ठाऊक आहे. सांडपाण्याची तोंडं बंद केल्यावर 2021 साली इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं, हेही सांग. काठावर उभी राहून सांग.

आता माझी एक चूक. दुसऱ्या एका वाड्यात पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून मी पडदे उघडे ठेवायचो. तीन उन्हाळ्यांत माहेश्वरी साडीचा वांगी रंग राखाडी झाला. घडी उलगडली तेव्हा आतला पट्टा तेवढा जसाच्या तसा, बाकी सगळी विटलेली. विटलेला रंग परत येत नाही. कापडावर 50 लक्सच्या वर उजेड पडू देऊ नकोस. पाहुणे कुरकुरतील, कुरकुरू देत. सोनेरी मुलाम्यावर फडकं तर अजिबात नको. मऊ ब्रश, तोही कोरडा.

शेवटचं, आगीचं. होळकरांच्याच शहरातल्या जुन्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या दंगलीत तो पेटला, आणि ती त्याची पहिली आग नव्हती. म्हणून संध्याकाळी निघताना मेन स्विच दुसऱ्यावर सोपवू नकोस. स्वतः जा, बघ, आणि मगच कुलूप घाल.