भिंतीवरचे काळे डाग

पावसाळ्यात भाकरी दोन दिवस डब्यात राहिली, की तिच्यावर बुरशी येते. अशीच बुरशी ओलसर भिंतीवरही वाढते. भाकरी आपण टाकून देतो. पण घर टाकून कोठे जाणार? आणि घर भाड्याचे असेल, तर ते दुरुस्त कोणी करायचे? इंग्लंडमधील एका बालकाच्या मृत्यूने हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा केला.

मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे शहर आहे. तेथे सुदानहून आलेले एक कुटुंब एका गृहनिर्माण संस्थेच्या घरात भाड्याने राहत होते. स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील वाफ बाहेर जाण्याची नीट सोय नव्हती. वाफ थंड भिंतीला लागली, की तिचे पाणी होते. त्या ओलीवर बुरशी वाढते. तिचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर शरीरात जातात.

२०१७ साली घरमालक संस्थेकडे पहिली तक्रार गेली. "वरून रंग लावा," असे उत्तर मिळाले. रंगाने डाग झाकले, पण ओल गेली नाही. बुरशी पुन्हा आली. २०१८ च्या डिसेंबरात अवाब इशाक जन्मला. जून २०२० मध्ये वडिलांनी वकिलाची मदत घेतली. जुलैमध्ये पाहणी झाली, बुरशी आढळली. पण वकिलांची संमती येईपर्यंत काम करायचे नाही, असा संस्थेचा नियम होता. दुरुस्ती झालीच नाही. २१ डिसेंबर २०२० रोजी अवाब वारला. त्याला दोन वर्षे पूर्ण होऊन आठच दिवस झाले होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीचा निर्णय आला. दीर्घकाळ बुरशीच्या सहवासात राहिल्याने श्वसनाचा विकार होऊन बाळ दगावले होते. कुटुंबाच्या राहणीमुळेच ओल येते, असे संस्थेने गृहीत धरले होते. ते चुकीचे होते, हे तिने नंतर मान्य केले.

आईवडिलांनी मागणी लावून धरली. २०२३ मध्ये संसदेने कायदा केला. त्यातील तरतूद 'अवाबचा कायदा' म्हणून ओळखली जाते. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील नगरपालिका व गृहनिर्माण संस्थांच्या घरांना ती लागू झाली. तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो. गंभीर ओल व बुरशीची तपासणी कामकाजाच्या १० दिवसांत आणि त्यानंतर कामकाजाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करावे लागते.

मुलांनो, भाडे वेळेवर देणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. तसेच घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तक्रार लेखी करावी, तीवर तारीख घालावी व प्रत जपून ठेवावी.

शब्दार्थ
ओल – नमी, सीलन
बुरशी – फफूंदी
भाडेकरू – किरायेदार
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. रंग लावूनही बुरशी पुन्हा का आली?
२. संस्थेने कोणती गोष्ट चुकीची गृहीत धरली होती?
३. घराची भिंत गळते, अशी तक्रार करणारे पत्र घरमालकास लिहा.