घरच्या कार्यशाळेतील शेपर

लोखंडाचा तुकडा सपाट करणे हे ऐकावयास सोपे आणि करावयास अवघड काम आहे. कानस चालविणाऱ्या प्रत्येकाच्या हे लवकरच ध्यानात येते. घासून घासून पृष्ठभाग चकचकीत होतो. पण त्यावर गुण्याची धार टेकवून उजेडाकडे धरली की दोन्ही कडांशी प्रकाशाची फट दिसते आणि मधला भाग उंच राहिल्याचे कळते. हात पुढे जाताना नकळत झुलतो आणि त्या झुलण्याचा आकार लोखंडावर उमटतो. हे झुलणे काढून टाकून हत्याराला सरळ रेषेतच ये-जा करावयास लावणारे यंत्र म्हणजे शेपर.

आयटीआयमध्ये फिटर किंवा मशिनिस्ट हे विषय घेतलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे यंत्र अपरिचित नाही. मोठ्या कारखान्यांत त्याची जागा आता मिलिंग आणि सीएनसी यंत्रांनी घेतली असून जुने शेपर पुष्कळदा भंगाराच्या दराच्या आसपास मिळतात. घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये लेथ व ड्रिल मांडून जॉबवर्क करणाऱ्या तरुणाला परवडेल असे सपाटीचे यंत्र हेच होय. त्यांच्यासाठी हा पाठ आम्ही लिहीत आहोत. आणि ज्यांच्या घरी असे यंत्र येऊ घातले आहे त्या पालकांसाठीही, कारण घरातले यंत्र एकट्या चालविणाऱ्याचे कधीच नसते. आमचे मुख्य म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो : शेपरवरची अचूकता मोटर सुरू होण्यापूर्वीच ठरते. यंत्र चालते तो वेळ थोडा. मांडणीचा वेळ मोठा, आणि तोच खरा कामाचा वेळ.

एडिंबरोत जन्मलेला अभियंता जेम्स नॅस्मिथ याने १८३६ साली हे यंत्र घडविले, असे मानले जाते. पुढे इंग्लंडमध्ये हौशी कारागिरांसाठी हाताच्या दांड्याने चालणारे ‘ॲडेप्ट’ व ‘ड्रमंड’ असे छोटे शेपर निघाले, तर अमेरिकेत ‘ॲटलस’ आणि ‘साउथ बेंड’ यांचे सात इंची शेपर घरोघरच्या कार्यशाळांत गेले. डेव्ह जिंजरी या अमेरिकन गृहस्थांनी तर घरच्या भट्टीत ओतकाम करून शेपर कसा बांधावा यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आपल्याकडच्या जुन्या बाजारात पंजाबातील बटाला येथे बनलेली यंत्रे भेटतात. तेव्हा घरी शेपर ठेवण्यात विचित्र असे काही नाही.

सुताराचा रंधा डोळ्यांपुढे आणला की शेपर समजतो. रंध्यातले पाते म्हणजे शेपरचे टूल, आणि रंधा ढकलणारा हात म्हणजे त्याचा रॅम. यंत्राच्या पोटात बुल गिअर नावाचे मोठे दातेरी चाक फिरते. त्यावरची पिन एका खाच पाडलेल्या दांड्याला, म्हणजे रॉकर आर्मला, मागेपुढे झुलविते आणि दांडा रॅमला ढकलतो. यातली गंमत अशी की पुढे जाताना पिनेला चाकाचा मोठा कंस चालावा लागतो आणि परतताना लहान. समजा, एका फेऱ्यातील ३६० अंशांपैकी २१६ अंश पुढे जाण्यात आणि १४४ अंश परतण्यात गेले, तर कापण्याच्या आणि परतण्याच्या वेळांचे प्रमाण ३ : २ होते. परतताना टूल काही कापीत नाही. म्हणून तो वेळ जितका वाचेल तितका बरा. पिन केंद्रापासून दूर सरकविली की स्ट्रोक लांब होतो, जवळ आणली की आखूड.

टूल ज्यात बसते तो क्लॅपर बॉक्स बिजागरीवर टांगलेला असतो. पुढे जाताना तो घट्ट मिटतो, परतताना किंचित उघडतो आणि टूल कापलेल्या पृष्ठभागावरून अलगद घसरत मागे येते. जुने यंत्र विकत घेताना आम्ही सर्वांत आधी हाच भाग हलवून पाहतो. तो स्वतःच्या वजनाने पडावयास हवा, पण आजूबाजूला डुलता कामा नये. मग रॅमच्या तोंडाशी दांडा लावून तो वर उचलून पाहावा. ढिलेपणा जाणवला आणि जिब आवळूनही तो जात नसेल, तर रॅमचे मार्ग झिजलेले आहेत. ते पुन्हा नीट करणे घरी जमणारे काम नव्हे. रंग उडालेला असणे, हँडल नसणे या मात्र किरकोळ गोष्टी आहेत.

यंत्र बसविण्याची जागा हा आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्षित विषय. शेपर भिंतीला टेकवून ठेवण्याचा मोह होतो, कारण शेड लहान असते. पण रॅम जितका पुढे जातो तितकाच मागेही बाहेर येतो. भिंत आणि रॅम यांच्यामध्ये माणूस सापडला तर यंत्र थांबत नाही. लेथ गरगर फिरतो म्हणून त्याची भीती वाटते. शेपर सावकाश, एका लयीत चालतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो आणि मुले तो पाहावयास जवळ येऊन उभी राहतात. म्हणून मागच्या बाजूस रॅमच्या पूर्ण धावेपलीकडे माणूस मोकळा उभा राहील इतकी जागा सोडावी आणि तिथे लोखंडी कठडा लावून वाट बंदच करावी. समोरही कोणी उभे राहू नये. तापलेला कीस त्याच दिशेने उडतो. समोर पत्र्याचा एक आडोसा उभा केला की काम भागते. चालविणाऱ्याने बाजूला उभे राहावे, हातमोजे घालू नयेत, बाह्या दुमडून घ्याव्यात, डोळ्यांवर चष्मा लावावा. दोन स्ट्रोकांच्या मधल्या क्षणात बोटाने कीस झटकण्याची सवय तर मुळातच लागू देऊ नये. यंत्र पूर्ण थांबवावे आणि ब्रशने झाडावे.

आता वेगाचा हिशेब. जॉब १३० मिलिमीटर लांब असेल तर टूल कापण्याआधी सुमारे १४ मिलिमीटर मागून निघावे आणि कापून झाल्यावर ६ मिलिमीटर पुढे जावे. म्हणजे स्ट्रोक झाला १५० मिलिमीटर. मागे अधिक जागा लागते ती क्लॅपर मिटण्यासाठी आणि टेबल सरकण्यासाठी. साध्या मवाळ पोलादाला हाय-स्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला २५ मीटर गती चालते. या २५ ला १००० ने गुणावे आणि स्ट्रोकची लांबी गुणिले १.६७ या संख्येने भागावे. उत्तर येते मिनिटाला सुमारे १०० स्ट्रोक. बिडाला १५ मीटर धरले तर ६०. नवशिक्याने याच्या निम्म्यापासून आरंभ करावा. एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही : स्ट्रोक १५० चा ३०० केला आणि मिनिटाचे स्ट्रोक तेच ठेवले, तर टूलची गती दुप्पट होते आणि धार निळी पडून बसते. लांबी बदलली की वेग बदललाच पाहिजे.

टेबल प्रत्येक स्ट्रोकला अर्धा मिलिमीटर सरकत असेल, तर १०० मिलिमीटर रुंदीच्या पृष्ठभागाला २०० स्ट्रोक लागतात. मिनिटाला ६० स्ट्रोकांनी हे सव्वातीन मिनिटांच्या वर थोडेसे होते. शेपर फार हळू, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. टेबलाचे सरकणे मात्र रॅम परतत असतानाच व्हावयास हवे. कापत असताना ते झाले तर टूल घासले जाते आणि पृष्ठभाग ओरबाडला जातो.

टूल घरच्या ग्राइंडरवर स्वतः घासता येते, हे शेपरचे मोठेपण. मिलिंगचा कटर महाग, आणि बोथट झाला की त्याला धार लावणे घरी शक्य नसते. लेथचे टूल घासणाऱ्याला फक्त एक सवय बदलावी लागते. धारेखालची पुढची मोकळीक लेथवर आठ-दहा अंश ठेवतात. शेपरवर चार अंश पुरतात, कारण कापत असताना टेबल स्थिर असते. अधिक ठेवली की धार कमजोर होऊन तुटते. टूल पोस्टाबाहेर शक्य तितके आखूड ठेवावे आणि स्लाइडही खाली फार लोंबू देऊ नये. पोलादाला ब्रशने कटिंग ऑइल लावावे. बीड कोरडेच कापावे.

ओबडधोबड तुकड्याचा काटकोनी ठोकळा करणे हा शेपरचा पहिला धडा, आणि मांडणीचे महत्त्व सर्वाधिक कळते ते यातच. आधी व्हाइसचा स्थिर जबडा डायल गेजने तपासून घ्यावा. तो तिरका असेल तर पुढचे सारे तिरके. पहिली बाजू सपाट केल्यावर तिच्या कडांवरची बुरी कानशीने काढावी आणि ती बाजू स्थिर जबड्याला टेकवावी. समोरच्या, अजून खडबडीत असलेल्या बाजूला हलता जबडा सरळ लावू नये. मधे एक गोल गज आडवा धरून मग व्हाइस आवळावा. खडबडीत बाजू वेडीवाकडी असते. हलता जबडा तिला सपाट टेकला तर तुकडा तिच्या कलाने फिरतो आणि आपण कष्टाने केलेली पहिली बाजू स्थिर जबड्यापासून सुटते. गज एका रेषेवरच दाबतो, त्यामुळे पहिली बाजू पुरती टेकून राहते. दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या गजाचा तुकडा हे काम करतो. यासाठी महाग साधन नाही.

अशा रीतीने दुसरी बाजू कापली की गुण्या लावून पाहावा. किंचित फरक असेल तर स्थिर जबडा आणि जॉब यांच्यामध्ये, वर किंवा खाली, वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालावी. तो कागद मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो, आणि तेवढेच पुरते. तिसऱ्या बाजूसाठी दुसरी बाजू खाली पॅरलल पट्ट्यांवर बसवावी, पहिली पुन्हा स्थिर जबड्याला, आणि गज पूर्वीसारखाच. व्हाइस आवळताना हलता जबडा जॉबला थोडे उचलतो. म्हणून आवळल्यावर शिशाच्या किंवा लाकडी हातोडीने वरून ठोकावे. चारही कोपऱ्यांखाली कागदाचे कपटे ठेवले असतील आणि एकही ओढून निघत नसेल, तर जॉब बसला. ठोकून झाल्यावर व्हाइस पुन्हा पिळू नये, तो परत उचलला जातो. तिसरी बाजू झाल्यावर चार कोपऱ्यांवर मायक्रोमीटर लावावा. चौथ्या बाजूला गजाची गरज उरत नाही, कारण आता दोन्ही जबड्यांना तयार बाजू मिळतात. उरलेली दोन टोके ठोकळा गुण्याने उभा लावून कापावीत.

उभा कट घेताना क्लॅपर बॉक्सचे वरचे टोक कापावयाच्या पृष्ठभागापासून दूर वळवावे लागते. म्हणजे परतताना टूल त्या पृष्ठभागापासून बाहेर झुलते. डव्हटेलसाठी स्लाइडच तिरपी केली असेल, तर रॅम पूर्ण मागे आल्यावर ती यंत्राच्या खांबावर आदळत नाही ना, हे हाताने चाक फिरवून पाहावे. खरे तर प्रत्येक नव्या मांडणीनंतर एक पूर्ण स्ट्रोक हातानेच फिरवावा.

घरच्या कार्यशाळेला रोख उत्पन्न देणारे काम बहुधा पुलीतील की-वेचे असते. पिठाच्या गिरणीची २५ मिलिमीटर शाफ्टवरची पुली घेऊ. तिला ८ मिलिमीटर रुंद व ७ मिलिमीटर उंच की बसते. शाफ्टमधील खाच ४ मिलिमीटर खोल, पुलीतील ३.३. बेरीज ७.३ होते, म्हणजे कीच्या वर तीन दशांश मिलिमीटर मोकळीक राहते. ही की बाजूंनी धरते, वरून नव्हे. म्हणून टूलची रुंदी प्रत्यक्ष कीशी ताडून घासावी. छिद्रातून जाणारा लांब दांडा टूल हेडला लावून त्याच्या टोकाशी हे टूल बसवितात. या कामात क्लॅपर जाम करावा लागतो, नाहीतर परतताना दांडा उचलला जाऊन छिद्रात अडकतो. दांडा लांब असल्याने तो वाकतो. तेव्हा एका वेळी मिलिमीटरच्या वीसाव्या भागाहून अधिक खोल जाऊ नये, आणि शेवटी एक-दोन स्ट्रोक खोली न वाढविता द्यावेत.

खोली मोजताना एक फसगत ठरलेली असते. छिद्र गोल आणि टूलची धार सपाट. त्यामुळे धार आधी दोन कोपऱ्यांनीच टेकते. त्या क्षणी तिच्या मधोमध आणि छिद्राच्या भिंतीत सुमारे ०.६६ मिलिमीटर अंतर शिल्लक असते. पहिल्या स्पर्शापासून ३.३ मोजून यंत्र थांबविले तर खाच प्रत्यक्षात २.६४ मिलिमीटरच खोल होते. शाफ्टमधील ४ मिळविले तरी ६.६४, ७ मिलिमीटरची की त्यात जाणार नाही, आणि ती ठोकून बसविणारा गिऱ्हाईक बिडाची पुली तडकवून परत आणील. स्पर्शाचा हिशेब सोडून द्यावा. खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत व्हर्नियरने २८.३ मिलिमीटर भरले की यंत्र थांबवावे, बुरी काढावी, आणि पुली व की दोन्ही शाफ्टवर हाताने सरकवून पाहूनच ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी.