पान कोमेजले म्हणून पाणी घालावे काय ?

(निसर्गविज्ञान : प्रात्यक्षिक पाठ)

सन १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री श्री. कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून पावसाळ्यारंभी शाळांच्या आवारात रोपे लावण्याचा प्रघात पडला आहे. मुले त्यांना हौसेने रोज पाणी घालतात. तरीही काही रोपे पिवळी पडून मरतात. ‘पाणी कमी पडले’ असे मुलांस वाटते. वास्तविक पुष्कळदा ती अतिपाण्याने मेलेली असतात. हा भेद ओळखावयास शिकविणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

कारण : मुळे श्वसन करितात. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. पाणी साचून राहिले म्हणजे ती निघून जाते, मुळे गुदमरतात व बुरशी लागून कुजतात. कुजलेल्या मुळांस पाणी शोषिता येत नाही. म्हणून माती ओली असूनही पान कोमेजते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो व रोग वाढवितो.

परीक्षा : केवळ पानावरून निर्णय करू नये. खोडापासून थोडे दूर, खुरप्याने वीतभर खोलीवरची माती काढून मुठीत दाबावी. बोटे ओली होऊन चिकट गोळा झाल्यास पाणी घालू नये. माती कोरडी असून भुगा झाल्यास घालावे. मातीस कुजट वास येत असेल, बारीक मुळे काळी पडून त्यांची साल बोटाने सुटत असेल, तर मूळकूज झाली असे समजावे. निरोगी मूळ टणक असते.

स्थानिक विचार : घाटकोपरच्या पूर्वेस खाडीकाठची जमीन सखल आहे, बोरिवली व मुलुंड येथे डोंगरउतार आहेत. एकाच उपनगरात पाण्याचा निचरा असा निरनिराळा असतो. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा प्रदेशात पाणी देण्याइतकेच ते काढून देणेही अगत्याचे आहे.

उपाय : (१) लावणीपूर्वी हातभर खोल खड्डा पाण्याने भरावा, जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उरल्यास तेथे उंचवटा करून रोप लावावे. (२) सखल जागी शेवगा लावू नये. करंज किंवा अर्जुन लावावा. (३) पावसाळ्यात आळे फोडून चर काढावा. (४) उन्हाळ्यात रोज शिंपडण्यापेक्षा माती सुकू लागल्यावर एकदाच भरपूर पाणी द्यावे. (५) खोडाशी मातीचा ढीग अथवा सिमेंटचा थर नसावा. (६) रोगट रोपाचे पाणी थांबवून भोवतालची माती हलक्या हाताने मोकळी करावी.

शिक्षकांस सूचना : पाणी घालण्याच्या पाळ्या लाविताना प्रत्येक पाळीत माती पाहणारा एक विद्यार्थी नेमावा. त्याने वहीत ‘ओली’ किंवा ‘कोरडी’ अशी नोंद केल्यावाचून झारी उचलू नये. महिनाअखेर ती वही वर्गात वाचून दाखवावी व पुढील प्रश्न विचारावा : कोणत्या रोपास आपण तहान नसताना पाणी पाजले ?